जगाचं नवं-जुनं

(सांगलीतल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, कार्यकर्ते मंडळी आणि जमलेले सगळे,

पत्रिकेवर जो विषय छापलाय तो माझा नव्हे. 'आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था, कर्ज आणि हवामान बदल : नागरी संघटनांची भूमिका'. घरी बायकोनं वाचला आणि म्हणाली, लोक येतील का? मी म्हटलं, शेवटी चहा आहे. मी सुचवलेलं नाव होतं 'जगाचं नवं-जुनं'. संयोजक म्हणाले, नको, लोकांना वाटेल भांडी मोडीत घालायचा कार्यक्रम आहे.

पण बोलणार मी नवं-जुनं यावरच. समोर निम्मे लोक गावच्या विकास सोसायटीचे, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचे, सभासद दिसतायत, त्यांना सांगायला नको. मागं कॉलेजची मुलं बसलीत, त्यांच्यासाठी सांगतो. पीककर्ज मार्चअखेर भरायचं असतं. शेतकऱ्याकडं पैसे नसतात. मग तो कुठून तरी दोन-चार दिवसांसाठी पैसे आणतो, जुनं कर्ज भरतो, लगेच नवं उचलतो आणि आणलेले पैसे परत करतो. कागदावर जुनं फिटलं, नवं सुरू झालं. याला म्हणतात नवं-जुनं. मी 31 वर्षं गटसचिव, म्हणजे सोसायटीचं कर्जवाटप-वसुलीचं दप्तर सांभाळणारा, होतो. माझा निम्मा जन्म हे करण्यात गेला, आणि उरलेला त्याच्यावर बोलण्यात जाणार असं दिसतंय.

2005 चा पूर आठवतोय ना? 2019 नं तो पुसून टाकला म्हणा. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि 2005 ची खूण खाली राहिली. आपण सांगलीकर आता वर्षं फुटांवर मोजतो. धोक्याची पातळी 45 फूट, हे इथल्या शाळेतल्या पोराला पाढ्याआधी पाठ असतं. पण 2005 लाही काठचा ऊस दिवसेंदिवस पाण्यात होता. शेंड्याच्या सुरळीत पाणी शिरलं की ऊस बाहेरून उभा दिसतो आणि आतून कुजलेला असतो. हरिपूरला हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवांत पाणी गेलं, हळदीचं वाटोळं झालं. पंचनामे झाले. आणि मग मार्च आला.

मार्च 2006. सोसायटीचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. वरून निरोप आला, वसुली शंभर टक्के दिसली पाहिजे. आता पिकं वाहून गेलेल्या गावात शंभर टक्के वसुली कशी दिसणार? पण दिसली. आमचे एक सभासद होते, त्यांना आपण तात्या म्हणू. व्याजासकट 40,000 थकलेले. सोमवारी तात्या बंडल घेऊन आले. मी मोजलं, पावती फाडली. बंडलाच्या वरच्या नोटेवर हळदीचा डाग होता, अंगठ्याएवढा. बुधवारी तात्यांना 40,000 चं नवं कर्ज दिलं, रोकडीतून तेच बंडल त्यांच्या हातात गेलं. शुक्रवारी दुसरा सभासद आला. बंडल मोजायला घेतलं तर वर हळदीचा डाग. पुढच्या आठवड्यात तिसरा आला, पुन्हा तोच डाग. चौथ्या वेळी मी मोजलंच नाही. ओळखीचं माणूस दारात आल्यावर कोण ओळखपत्र मागतं?

ते बंडल फिरवणारा गावातलाच एक गृहस्थ होता. सप्ताहाला पंगत घालणारा, देवमाणूस. आठवड्याला शेकडा दोन घ्यायचा. 40,000 ला 800 रुपये. वर्षाचा हिशेब मुलांनी घरी करावा, शंभरावर जातो. आता सांगा, तात्यांच्या हातात काय पडलं? वजा 800. वर गेल्या सालचं जे व्याज होतं ते या सालचं मुद्दल झालं. आणि आमच्या वहीत काय? एकही थकबाकीदार नाही. सोसायटीला ढाल मिळाली. ती घ्यायला मीच गेलो होतो. फोटो आहे घरी. त्यात मी हसतोय.

घड्याळ दाखवू नका, येतोय विषयावर. आलोच.

अर्जेंटिनाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं, म्हणजे अडलेल्या देशांना कर्ज देणाऱ्या संस्थेनं, 2018 साली 57 अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं. नाणेनिधीच्या इतिहासातलं तेव्हाचं सगळ्यात मोठं. सगळं उचललंही नाही, पण जेवढं उचललं तेवढंही फेडता येईना. मग 2022 साली त्याच नाणेनिधीनं 44 अब्जांचं नवं दिलं, कशासाठी? तर 2018 चं जुनं फेडायला. पुढं ऐका. 2023 च्या उन्हाळ्यात हप्ता भरायची वेळ आली आणि तिजोरीत डॉलर नाहीत. नवा हप्ता सुटायचा तर जुना भरला पाहिजे. म्हणून त्यांनी चीनचे युआन वापरले, लॅटिन अमेरिकेतल्या एका विकास बँकेकडून थोड्या दिवसांसाठी उसने घेतले, कतारकडून घेतले, आणि नाणेनिधीला भरले. नाणेनिधीनं हप्ता सोडला. माझी मुलगी दिल्लीत अशा प्रश्नांवर काम करणाऱ्या एका संस्थेत आहे, तिनं मला हे वाचायला पाठवलं. मी तिला फोन करून विचारलं, त्या नोटांवर हळदीचा डाग होता का बघ.

हे आजचं नाही बरं का. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोखा तीन वर्षांत शिळा व्हायला लागला. हेतू चांगला, कुळाला संरक्षण मिळावं. सावकारानं काय केलं? दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेतला, थकलेलं व्याज मुद्दलात घालून. आपल्याकडं जुना नियम होता दामदुपटीचा, व्याज मुद्दलाच्या वर जायचं नाही. पण व्याजालाच मुद्दल म्हटल्यावर दामदुप्पट कशाला लावणार? शेवटी 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले. माणसं मारली नाहीत, कागद जाळले. त्याच वर्षी कोकरूडला, म्हणजे आताच्या आपल्या शिराळा तालुक्यात, तसंच झालं. कोकरूड तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. साताऱ्याची मंडळी असतील तर त्यांनी श्रेय घेऊन जावं, आमची हरकत नाही. सरकारनं चौकशी नेमली आणि 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांचा कायदा केला. कोर्टाला रोख्याच्या मागं जाऊन हिशेब उकरायचा अधिकार मिळाला. मूळ दिलं किती, फेडलं किती, बाकी कशाची, हे विचारायचा अधिकार.

नायजेरियाचे अध्यक्ष ओबासांजो 2000 साली काय म्हणाले? आम्ही 1985-86 पर्यंत साधारण 5 अब्ज डॉलर घेतले, 16 अब्ज फेडले, आणि अजून 28 अब्ज देणं आहे असं सांगतायत. हा माणूस सुप्याच्या बाजारात उभा राहून बोलला असता तरी लोकांनी माना डोलावल्या असत्या. फरक एवढाच की देशासाठी रोख्याच्या मागं जाणारं कोर्टच नाही. कर्ज देणाऱ्यांच्या बैठकीत कर्ज देणारेच ठरवतात.

आणि मतं कशी, तर भांडवलाप्रमाणं. आपल्या सोसायटीत एक सभासद, एक मत. दहा शेअरवाला आणि हजार शेअरवाला, दोघांचा हात सारखाच वर जातो. नाणेनिधीत अमेरिकेकडं साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मतं, आणि मोठ्या निर्णयाला 85 टक्के लागतात. गणित कळलं का? आपल्या अख्ख्या देशाची मतं तीन टक्केसुद्धा नाहीत. 1944 साली अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला 44 देशांनी बसून हे घर बांधलं, त्यात आपले चिंतामणराव देशमुखही होते. महाडजवळच्या नाते गावचे. देश अजून स्वतंत्र नव्हता आणि आपला माणूस तिथं होता, याचा मला अभिमान आहे. अभिमानानं मतं वाढत नाहीत, तेवढंच.

1991 चं सोनं सांगू का? नको म्हणताय? थोडक्यात सांगतो. देशानं 47 टन सोनं परदेशी ठेवलं, इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडं. आमच्या विट्या-खानापूरची गलाईवाली मंडळी तेव्हा देशभर सोनं गाळत बसलेली. त्यातला एक जण मला म्हणाला, सायेब, सोनं आपलं, मूस आपली, आणि गहाण ठेवायला इमानात घालून नेलं व्हय? यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

बरं. अशा संस्थांना आपलं म्हणणं सांगायचं कसं, हा खरा विषय. मी एकदा सांगून बघितलं. एका मोठ्या संस्थेनं ऑनलाइन सल्लामसलत ठेवली होती. संस्थेचं नाव नको. मुलीनं माझं नाव नोंदवलं. रात्री साडेनऊची वेळ, बोलायला तीन मिनिटं. मी घरी आरशासमोर इंग्रजी घोटून ठेवलं. सुरुवात केली, अर्धं मिनिट झालं, आणि पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, 'सर, यू आर ऑन म्यूट.' पुन्हा सुरुवात. गटसचिव म्हणजे काय हे समजावण्यात दीड मिनिट गेलं. नवं-जुनं याला इंग्रजीत काय म्हणायचं हे शोधण्यात उरलेलं. त्यांनी आभार मानले. महिन्याभरानं इतिवृत्त आलं. त्यात माझं बोलणं एका ओळीत होतं : सहभागींनी स्थानिक पातळीवरील विविध अनुभव मांडले. विविध! अहो, एकच होता.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता पाच मिनिटांत. ऐका मग, पळत सांगतो.

अशा बोलण्यानं काही होतं का? होतं. सरदार सरोवराला जागतिक बँकेनं 1985 साली 45 कोटी डॉलरचं कर्ज दिलं. नर्मदेच्या लोकांनी खोऱ्यात लढा दिला, त्यांच्या मित्रांनी वॉशिंग्टनमध्ये. बँकेला मोर्स समिती नेमावी लागली, 1992 ला समितीचा अहवाल बँकेच्या विरोधात गेला, 1993 च्या मार्चमध्ये उरलेलं कर्ज भारत सरकारनंच नको म्हटलं. त्याच वर्षी बँकेत तपासणी मंडळ आलं. बँकेच्या प्रकल्पाची झळ बसलेल्या दोघांना किंवा जास्त जणांना मिळून तिथं तक्रार करता येते. आणि 1994 साली मोठ्या धरणांना बँकेनं पैसा देऊ नये म्हणून जगभरच्या तीनशेहून जास्त संघटनांनी जो जाहीरनामा काढला, त्याचं नाव मणिबेली. अक्कलकुवा तालुक्यातलं, बुडालेलं गाव.

दुसरं, कर्जमुक्तीची चळवळ. 1998 च्या मेमध्ये बर्मिंगहॅमला श्रीमंत देशांचे पुढारी जमले होते, तेव्हा सुमारे 70,000 माणसांनी हातात हात घालून शहराला साखळी केली. चर्चची माणसं, शाळेतली पोरं, आज्या. त्यातून गरीब देशांच्या कर्जमाफीची योजना वाढली, 2005 साली आणखी पुढं गेली. पण नंतर देश पुन्हा कर्जात गेले. आपल्याकडं माफीनंतर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आता हवामान. 2019 साली मोझांबिकला इडाई वादळानं झोडपलं आणि नाणेनिधीनं 11 कोटी 80 लाख डॉलर दिले. बिनव्याजी दिले, पण कर्जच. वादळ दुसऱ्यांच्या धुरामुळं वाढलेलं आणि बोजा ह्यांच्या सातबाऱ्यावर. 2022 ला पाकिस्तानच्या पुरात 30 अब्ज डॉलरवर नुकसान झालं. जिनिव्हात 9 अब्जांचे शब्द मिळाले, त्यातही बहुतेक कर्ज. श्रीमंत देशांनी 2009 साली गरीब देशांना हवामानासाठी वर्षाला 100 अब्ज द्यायचं कबूल केलं, ते 2022 ला जमलं, आणि त्यातल्या सरकारी पैशात दोनतृतीयांशाहून जास्त कर्ज. मदत म्हणून कर्ज मोजायचं असेल तर मी 31 वर्षं दानधर्म करत होतो.

संघटनांची एक मागणी मला फार आवडते, कारण ती आपली आहे. आपत्ती आली तर हप्ते आपोआप थांबावेत, तसं करारातच लिहा. अहो, ही तहकुबी! आणेवारी घसरली की शेतसाऱ्याला तहकुबी. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्याचा 1918 चा सत्याग्रह पीक चार आण्यांच्या आत आहे की नाही यावरूनच पेटला होता. ग्रेनाडा नावाचा चिमुकला देश, त्यानं कर्जाच्या फेररचनेत हे कलम घालून घेतलं. 2024 च्या जुलैत बेरिल वादळ आलं आणि त्यानं कलम वापरलं, हप्ते पुढं गेले. बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली यांनी हे लावून धरलं, संघटनांनी रेटलं, आणि 2023 साली जागतिक बँकेनंही दोन वर्षांपर्यंत हप्ते थांबवायची सोय केली. पण लहान देशांपुरती. मोठ्या देशातला पूर बहुधा कोरडा असतो.

एक मिनिट, फक्त एक. नाणेनिधी मोठं कर्ज जास्त दिवस ठेवणाऱ्याकडून जादा आकार घ्यायची. दंडव्याजच म्हणा. जो बुडतोय त्याच्याकडून जास्त. संघटना वर्षानुवर्षं ओरडल्या, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये तो आकार आणि व्याज मिळून कर्जदार देशांचं ओझं वर्षाला साधारण 1.2 अब्ज डॉलरनं कमी केलं. रद्द केलेला नाही. झांबियानं 2020 ला हप्ते थकवले, बड्या देशांशी तडजोड व्हायला 2023 उजाडलं, खासगी रोखेवाल्यांशी 2024, आणि त्याच साली तिथं दुष्काळ जाहीर झाला. त्यावर बोलायचं होतं, राहिलं.

शेवटचं, आपल्या दारातलं. कृष्णेच्या पूरनियंत्रणाला जागतिक बँकेकडून पैसे येणार अशा बातम्या आपण वाचतोय. 'निधी', 'सहाय्य', 'मदत'. ते कर्ज आहे. वाईट आहे असं म्हणत नाही, पूर अडला तर मीच पहिला पेढे वाटेन. पण फेडायचं कुणी, किती वर्षांत, मधेच पुन्हा 57 फूट आलं तर हप्त्याचं काय, हे ग्रामसभेत विचारायला इंग्रजी लागत नाही. बँकेचे आत्ताचे अध्यक्ष अजय बंगा, जन्म खडकीचा. म्हणजे पुणेकर. आता सांगलीचं कोण ऐकणार म्हणा! तरी पत्र लिहिलंय. मसुदा माझ्याजवळ आहे, चहाच्या टेबलावर ठेवतो. वाचून सही करा. न वाचता करू नका, त्या सह्या मी पुष्कळ घेतल्यात.

घंटा झाली. तिसऱ्या रांगेतल्या काकांचा हात मघापासून वर आहे, त्यांचा प्रश्न आधी घेऊ. काका, पीककर्जाचं असेल तर आधीच सांगतो, मी आता निवृत्त आहे.