वीतभर सेंच्युरियन: पहिलं टँक मॉडेल करताना

हे टेबलावर जे हिरवट प्लास्टिकचे पार्ट दिसतायत ना, त्यातून सेंच्युरियन रणगाडा उभा राहणार आहे. स्केल 1:35, म्हणजे खऱ्या टँकवर 35 सेंटिमीटर तर इथे एक. खरा सेंच्युरियन सुमारे 50 टनांचा, आणि हा पूर्ण झाला की याची बॉडी जेमतेम वीतभर.

35 हा आकडा कुठून आला ते मला फार आवडतं. जपानच्या तामिया कंपनीने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर टँकचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं, आत मोटर आणि बॅटऱ्या बसायला पाहिजेत म्हणून जेवढा साइज ठेवावा लागला तो नंतर मोजला तर खऱ्याच्या साधारण 35 पटींनी लहान निघाला, आणि पुढे बाकीच्या कंपन्याही त्याच मापावर आल्या.

आता सेंच्युरियनच का? 16 डिसेंबर 1971, भारत-पाक युद्धातली बसंतरची लढाई, आपली पूना हॉर्स रेजिमेंट. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय 21, फामागुस्ता नावाच्या सेंच्युरियनमध्ये होते, टँकला आग लागली तरी मागे फिरले नाहीत, लढता लढता गेले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तो टँक अहिल्यानगरला, म्हणजे आधीच्या अहमदनगरला, आर्मर्ड कोरने जपून ठेवलाय. तिथेच कॅव्हलरी टँक म्युझियमही आहे, 1994 पासून. मुंबईकरांनो, किट उघडायच्या आधी एकदा तिथे जाऊन याच. तिथले टँक रंगवून नीट ठेवलेले आहेत, चिखल-गंज दिसणार नाही, पण टरेटचं, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाचं, ओतीव पोलाद किती खरखरीत असतं, वेल्डिंगची शिवण किती जाड असते, हे फोटोत कळतच नाही. ते एकदा डोळ्यात बसलं की ब्रश आपोआप तिथे जातो.

चला, जोडायला घेऊ. पार्ट फ्रेममधून हाताने पिळून तोडायचे नाहीत, निपरने, म्हणजे छोट्या कात्रीसारख्या पकडीने, कापायचे, आणि पार्टला अगदी चिकटून नाही, थोडं लांबून, मग उरलेला ठोंब कटरने काढून पॉलिश पेपर. सगळ्यात आधी फ्रेम भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन घ्या, साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही.

इथे जवळून बघा. ही तोफेची नळी, दोन अर्ध्या भागांची. जोडली की मधे सांध्याची रेघ येते आणि खऱ्या तोफेला अशी रेघ नसते. लालबाग-परळच्या कारखान्यात साच्यातून निघालेल्या मूर्तीचा सांधा आधी घासून गुळगुळीत करतात आणि मगच रंगाला हात लावतात, अगदी तसंच इथे. 400चा पेपर, मग 600, मग 1000, नळी बोटांत फिरवत फिरवत, नाहीतर ती चपटी होते. यात घाई करू नका, मॉडेलकडे बघणाऱ्याची नजर पहिली तोफेवरच जाते.

ग्लूचं म्हणाल तर मॉडेलचा पातळ सिमेंट घ्या. तो नुसता चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून दोन्ही पार्ट एक करतो. पार्ट आधी कोरडेच बसवून बघायचे, नीट बसले की धरून ठेवायचे आणि सांध्याला ब्रश टेकवायचा, ग्लू स्वतःच आत ओढला जातो. फेविक्विक फक्त धातूच्या पार्टसाठी.

सेंच्युरियनला एक गोष्ट सांभाळायची. चाकांवर बाजूने पत्र्याच्या प्लेटा येतात. त्या आधी लावल्या तर आत ब्रश जाणारच नाही. म्हणून चाकं, पट्टा आणि प्लेटा वेगळ्या रंगवून मग बसवायच्या. चाकांच्या कडेला रबर असतं, ते काळंभोर नको, काळ्यात थोडा राखाडी मिसळा. चाक टूथपिकवर खोचायचं, ब्रश स्थिर धरायचा आणि चाक फिरवायचं, कड एकदम स्वच्छ येते.

आता रंग, आणि इथे मुंबईचा खरा त्रास. जुलैमध्ये स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, मारला की दमट हवेमुळे त्यावर पांढुरकी झाक येऊ शकते. पावसाळ्यात स्प्रेचं काम सरळ पुढे ढकला, त्या दिवसांत जोडणी करा, ब्रशने ॲक्रिलिक लावा. स्प्रे कोरड्या दिवसांत, खिडकी उघडी, तोंडावर मास्क, आणि वाळताना वरून डबा उपडा ठेवा कारण रस्त्यावरची धूळ ओल्या रंगावर लगेच बसते. थर पातळ हवेत, दोन-तीन, एका जाड थराने बोल्टची डोकीच बुजतात.

हिरवा रंग वाळला की ग्लॉस वार्निश, मग डिकल्स, म्हणजे नंबर-चिन्हांची पाण्यात भिजवून लावायची स्टिकर. रखरखीत रंगावर डिकल लावलं तर खाली हवा राहते आणि ते चंदेरी दिसतं. त्यावर वॉश: बर्न्ट अंबर ऑइल कलर, स्टेशनरीवाल्याकडे मिळतो तो चालेल, टर्पेंटाइनमध्ये चहापेक्षाही पातळ करायचा आणि फक्त खाचांत, बोल्टभोवती सोडायचा. डबकी साचू देऊ नका, प्लास्टिक तडकू शकतं. मग शेवटी मॅट वार्निश.

आणि आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. नवीन लोक टँकभर ओरखडे काढतात, गंज फासतात. असं नाही करायचं हो. विचार करा, आत चार माणसं होती, ती कुठून चढायची, कुठे बूट टेकवायची? हॅचच्या, म्हणजे आत उतरायच्या झाकणाच्या, कडा, पुढचे मडगार्ड, तिथेच रंग उडतो. मागच्या दातेरी चाकाचे दात पट्ट्यावर घासून चकचकीत होतात, तिथे पेन्सिलचं शिसं बोटाने घासा, खरं पोलाद वाटतं. स्पंजचा तुकडा गडद तपकिरीत बुडवून टिश्यूवर जवळजवळ कोरडा करायचा आणि त्याच जागी हलकेच टेकवायचा, बस.

धुळीचंही तसंच. कोकणातली तांबडी माती सेंच्युरियनवर शोभत नाही, बसंतरचा भाग नदीच्या गाळाचा, माती फिकट तपकिरी, राखाडीकडे झुकणारी. त्या रंगाची पिगमेंट पावडर, म्हणजे कोरडी रंगाची पूड, चाकांवर आणि प्लेटांच्या खालच्या बाजूला दाट, वर जाताना विरळ.

राहिली अँटेना. उरलेल्या फ्रेमचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नाही, फिरवत धरा, मऊ झाला की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी ओढा, केसासारखी तार निघते. गार झाली की मापाने कापून टरेटवर चिकटवा. आणि हे सगळं झाल्यावरच, कारण आधी लावली तर रंगवताना हात लागून तीच तुटते.