फोन रेडिओजवळ ठेवा, एक फोटो पाठवतोय

नमस्कार मंडळी. मी देवगडचा, आणि गप्पा मारायच्या आधी एक काम सांगतो. घरात कुणाकडे अँड्रॉइड फोन असेल तर त्यात रोबोट ३६ नावाचं एक फुकट ॲप टाकून घ्या, छोटंसं आहे, जमलं नाही तर घरातल्या पोरांना सांगा, दोन मिनिटात करून देतील. आणि फोन हाताशी ठेवा. कशाला ते शेवटी कळेल.

तर मला गेमचं वेड आहे, ॲनिमेचं म्हणजे जपानी कार्टूनचं आहे, गाण्याचं आहे आणि अँटेना-वायरी जोडत बसायचं तर फारच आहे. लोकांना वाटतं ही चार वेगवेगळी खुळं. मला नाही वाटत तसं. माझं प्रत्येक वेड कानातून आत आलंय, आणि आज रेडिओवर बोलायला मिळतंय तर तेच सांगायचं ठरवलं.

सुरुवात गणपतीत झाली. मुंबईचे काका दरवर्षी यायचे, एका वर्षी टीव्ही गेम घेऊन आले, ते कॅसेट लावायचं मशीन, चाललं नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. आरती झाली की वाडीतली सगळी पोरं आमच्याकडे, आणि मी सगळ्यात लहान म्हणून सगळ्यात मागे. पडदा दिसायचाच नाही. मग मी नुसता ऐकायचो, आणि ऐकून सांगायचो, आता नाणं घेतलं, आता कासवावर उडी मारली, आता मेला. असं ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात आली की मारिओने उडी मारली की मागचं गाणं क्षणभर बारीक होतं, त्यातलं काहीतरी गायब होतं आणि लगेच परत येतं. कुणालाच पटेना. सगळे बघत होते ना, ऐकत कोण होतं!

त्याचं उत्तर मला कितीतरी वर्षांनी मिळालं. ते मशीन म्हणजे जपानच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल, आणि त्या फॅमिकॉमच्या चिपला एकावेळी पाचच आवाज काढता येतात. दोन चौकोनी लाटांचे, ते सूर धरणार. एक त्रिकोणी लाटेचा, तो खालचा खर्ज. एक नुसती खरखर, ती तालाला. आणि पाचवा छोटे रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवायला. गाणं आणि गेममधले बाकीचे सगळे आवाज ह्यातच भागवायचे, त्यामुळे उडीचा आवाज वाजला की गाण्यातल्या एकाला तेवढ्यापुरतं गप्प बसावं लागतं. म्हणजे माझं ऐकणं बरोबर होतं! १९८५ चा तो मारिओ, संगीत कोजी कोंडो यांचं, आणि चित्रं, गाणी, सगळ्या लेव्हल धरून अख्खा गेम ४० केबीत. तुमच्या व्हॉट्सॅपवर रोज सकाळी येणारा फुलांचा फोटो ह्याच्यापेक्षा मोठा असतो.

मला ह्यात आपली डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, दिसते खरं सांगायचं तर. बुवा पेटीवर, एक पखवाज, एक झांज, मागे कोरस, बस एवढीच माणसं, आणि तरी पहाटेपर्यंत लोक हलत नाहीत. चाल पक्की लागते, कारण ती लपवायला मागे काहीच नसतं. कोंडोंची चालसुद्धा तशीच आहे, कुणीही पेटीवर वाजवून बघा, उभी राहते. मी वाजवतो आमच्या मंडळाच्या पेटीवर, आमच्या बुवांना ती आवडते.

ॲनिमेचंही तसंच झालं. दूरदर्शनवर १९९३ पासून रविवारी जंगल बुक लागायचं, ते जपानी आहे हे आम्हाला कुठे माहीत होतं, निप्पॉन ॲनिमेशन नावाच्या स्टुडिओने १९८९ साली केलेलं, ५२ भागांचं. पुढे रत्नागिरीला कॉलेजात असताना रूमवर हेडफोन लावून जपानी भाषेत, खाली सबटायटल लावून ॲनिमे बघायला लागलो आणि एका रात्री एकदम थांबलो, कारण मागे आमच्या रानातला आवाज येत होता. एप्रिल-मेमधे आपल्याकडे झाडावर ते किडे कर्रर्र करून ओरडतात ना, कान किटतात, ते सिकाडा. ॲनिमेत उन्हाळा आला की हा आवाज येणारच. त्यातही दुपारचा किडा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा, संध्याकाळच्याला जपानी लोक हिगुराशी म्हणतात, आणि तो त्यांना ऐकू येतो कसा तर ‘कानाकानाकाना’. कानाकाना! मला तर तो शब्द आपलाच वाटला.

आणि ह्याला एक कारण पण आहे. सेकंदाला २४ फ्रेम लागतात, पण हाताने एवढी चित्रं काढायला वेळ आणि पैसा कुठून आणणार, म्हणून तिकडे बऱ्याचदा एकच चित्र तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. कधी कधी तर चित्र हलतच नाही, नुसतं आभाळ आणि विजेच्या तारा, आणि तो किडा ओरडतोय. तरी तुम्हाला ऊन लागतं. एकदा डोळे मिटून बघा ॲनिमे, मी मनापासून सांगतोय.

आता रेडिओ. त्या मारिओच्या काळातले घरचे कॉम्प्युटर साध्या ऑडिओ कॅसेटवर प्रोग्रॅम साठवायचे, एक आकडा एका सुरात, दुसरा दुसऱ्या सुरात, वाजवलं तर नुसती किंचाळी. पण प्रोग्रॅम म्हणजे जर आवाजच आहे तर तो रेडिओवरून का नाही जाणार? गेलाच! १९८३ मधे रेडिओ बेलग्रेडवर झोरान मोडली नावाचे निवेदक ‘व्हेंटिलेटर २०२’ ह्या कार्यक्रमात गेम आणि प्रोग्रॅम वाजवायला लागले, लोक घरी टेपवर रेकॉर्ड करायचे आणि कॅसेट कॉम्प्युटरला लावायचे. गेम हवेतून घरी! हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप नाही लागली.

मग मी पण हवेतून काहीतरी पकडायचं ठरवलं. डिजिटल टीव्ही बघायला निघालेला एक पेनड्राइव्हएवढा डाँगल असतो, तो कुठल्याही रेडिओसारखा वापरता येतो हे २०१२ च्या आसपास हौशी लोकांनी शोधून काढलं. तो मागवला. अँटेना म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन कांड्या, प्रत्येकी ५३ सेंटिमीटर, १२० अंशात व्ही आकारात, चिव्याच्या काठीवर बांधून खळ्यात उभी केली. वरून अमेरिकेचा नोआ-१५ हवामान उपग्रह जायचा, १९९८ साली सोडलेला, आणि जाता जाता खालचा फोटो आवाजात सांगत जायचा, टक-टक, टक-टक, सेकंदाला दोन ओळी. आजी पहिल्यांदा बाहेर आली आणि म्हणाली, “ह्यां काय वाजता रे?” म्हटलं, आजी, वरून ढग बोलतायत. ती पायरीवर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

मे २०२१. तौक्ते वादळ. सोळा तारखेला इथे जे वारं सुटलं ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको, माड पडले, कलमं पडली, वीज गेली, मोबाइलला रेंज नाही. मी लॅपटॉप बंद करून ठेवला होता, बॅटरी उपग्रहाच्या एका फेरीपुरती राखून. सतराला सकाळी अँटेना हातात धरून खळ्यात उभा राहिलो, शेजारचे तांडेल काका लॅपटॉपवर इरलं धरून उभे. टक-टक सुरू झालं. ओळीमागून ओळ, आधी हिमालय, मग कच्छ, आणि मग मुंबईच्या पश्चिमेला ते आलं, गोल, पांढरं, मधे बारीक भोक. काका विचारत होते, “वादळ खंय आसा?” मी बोट ठेवलं. ते कितीतरी वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “आपल्याक सोडून गेला.” आणि खाली बसले.

नोआ-१५ ऑगस्ट २०२५ मधे बंद केला. आता रशियाचे मीटिओर उपग्रह पकडतो, फोटो कितीतरी स्वच्छ येतो, पण ते डिजिटल, ऐकायला नुसती खरखर. ती टक-टक मला आठवते.

तर आता ते ॲप उघडा. पंखा, मिक्सर बंद करा, फोन रेडिओच्या स्पीकरजवळ ठेवा, आवाज मोठा करा आणि ३६ सेकंद कुणी बोलू नका. ॲप आवाज ऐकून त्याचं चित्र करतं: काळा रंग म्हणजे १५०० हर्ट्झचा सूर, पांढरा म्हणजे २३००, अशा २४० ओळी येतील वरून खाली. सतरा मेच्या सकाळचा तोच फोटो आहे, पांढरं वादळ डाव्या हाताला दिसेल आणि त्याच्या खाली उजवीकडे, किनाऱ्यावर, आपण.

तयार? सोडतो.

(इथे ३६ सेकंद आवाज.)