के-ड्रामातले हे काका मुळात रॉक गायक आहेत!

नमस्कार मंडळी! कोरियन मालिका बघत असाल, तर हा चेहरा तुम्ही नक्की पाहिलाय. 'इट्स ओके टू नॉट बी ओके'मधले मनोरुग्णालयाचे डायरेक्टर. 'माय लव्ह फ्रॉम द स्टार'मधले वकील, हीरो परग्रहावरून आलाय हे गुपित सांभाळणारे. 'कॉफी प्रिन्स'मधले मॅनेजर हाँग. यांचं नाव किम छांग-वान, आणि कोरियन रॉकचा इतिहास यांना वगळून सांगताच येत नाही.

थोडं मागे जाऊ. 1975, दक्षिण कोरियात राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-हींची हुकूमशाही. गांजाच्या प्रकरणात शिन जुंग-ह्यन यांच्यासारखे रॉकमधले दिग्गज तुरुंगात गेले, कितीतरी गाण्यांवर बंदी आली, रॉकचं मैदान ओस पडलं. आणि 1977च्या डिसेंबरात तीन सख्ख्या भावांनी आपला पहिला अल्बम काढला. थोरले छांग-वान गिटार वाजवणार आणि गाणार, मधले छांग-हून बेसवर, धाकटे छांग-इक ड्रम्सवर. बँडचं नाव सानुल्लिम.

छांग-वान सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकले ते रेशीमशास्त्र! 1977 मध्येच एमबीसी वाहिनीच्या कॉलेज गीतस्पर्धेत हे भाऊ उतरले होते, पण थोरल्याचं शिक्षण पूर्ण झालेलं असल्यामुळे बाद ठरले. गंमत बघा, त्या स्पर्धेत पहिलं आलेलं गाणं मधल्या भावाचंच होतं. गायलं दुसऱ्या बँडने.

आता त्यांच्या दुसऱ्या अल्बममधलं पहिलं गाणं घ्या. 1978 सालचं. बेस सुरू होतो, एकच चाल, पुन्हा पुन्हा. मग त्यावर खरखरीत, फाटल्यासारखा गिटार चढतो. एक मिनिट गेलं, दोन गेली, गायकाचा पत्ता नाही! तीन मिनिटांनंतर कुठे आवाज येतो, आणि तोही कसा? ना आलाप, ना जोर. शेजारी बसून कुणी बोलावं तसा. मला विचाराल तर त्यांच्या अभिनयाचं मूळ इथेच आहे. तोच सपाट, साधा आवाज 'कॉफी प्रिन्स'मध्ये आपलासा वाटतो, आणि त्याच वर्षी, 2007 मध्ये, 'व्हाइट टॉवर'मधल्या धूर्त उपसंचालकाच्या तोंडी अंगावर काटा आणतो. चढ्या आवाजाचा खलनायक इतका भीतीदायक वाटलाच नसता.

2008च्या जानेवारीत कॅनडात फोर्कलिफ्टच्या अपघातात धाकटे छांग-इक गेले. त्यानंतर छांग-वान यांनी सानुल्लिम हे नाव थांबवलं. भावाशिवाय तो बँड नाही, इतकं सरळ. त्याच वर्षी त्यांनी 'किम छांग-वान बँड' उभा केला आणि गात राहिले. शिवाय एसबीएस रेडिओवर 2000 पासून 2024च्या मार्चपर्यंत रोज सकाळचा कार्यक्रम! शेवटच्या दिवशी गिटार वाजवून गाताना त्यांना रडू आवरलं नाही.

ऐकायला सुरुवात कुठून करायची? कोरियन पॉप गायिका आयूपासून करा. तिने 2014 मध्ये सानुल्लिमचं 1984चं 'नोए उइमी' पुन्हा गायलं, त्यात स्वतः छांग-वानही आहेत. मग मूळ गाणं ऐका. आणि त्यानंतर हेडफोन लावून ते 1978चं. सुरुवातीची तीन मिनिटं मात्र पुढे ढकलू नका!