आठ नंबर म्हणजे नेमके काय?

श्रोतेहो, नमस्कार.

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "आठ नंबरची पक्कड द्या" असे सांगितले, तर सुमारे आठ इंच लांबीची पक्कड हातात येते. आणि त्याच दुकानात "आठ नंबरचा पाना द्या" म्हटले, तर जबडा आठ मिलिमीटर रुंद असलेला एक छोटासा पाना समोर ठेवला जातो. दुकानदार दोन्ही वेळा बरोबरच असतो. पकडीचा नंबर तिच्या लांबीवरून पडतो, तर पान्याचा नंबर तो ज्या नटावर बसतो त्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतरावरून पडतो. पान्यांच्या संचाच्या नंबरात आठ असेल, तर ती बहुधा नगांची संख्या असते आणि अशा संचात साधारणपणे सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंतचे दुतोंडी पाने मिळतात. शिवाय लोखंडी सळईच्या दुकानातले आठ सूत म्हणजे पूर्ण एक इंच, हे वेगळेच.

सर्वांत जास्त फसगत बोल्टाच्या बाबतीत होते. एम ८ या खुणेतला आठ हा आट्यांच्या बाहेरच्या व्यासाचा मिलिमीटरमधला आकडा आहे, त्यामुळे एम ८ बोल्टाच्या षटकोनी डोक्याला आठचा नव्हे, तर सामान्यतः १३ चा पाना लागतो. जपानी पद्धतीच्या मोटारसायकलींवर मात्र त्याच बोल्टाचे डोके पुष्कळदा १२ चे असते. ॲलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेला बोल्ट, असेल तर एम ८ ला ६ ची ॲलन चावी लागते आणि ८ ची चावी एम १० ला बसते. जुन्या ब्रिटिश यंत्रांसोबत आलेल्या पान्यांवर तर जबड्याचे माप नसतेच. पाव इंच व्हिटवर्थ (ही आट्यांची जुनी ब्रिटिश पद्धत) असे कोरलेल्या पान्याचा जबडा जवळजवळ १३.३ मिलिमीटर भरतो, कारण तिथे पाव इंच हा बोल्टाचा व्यास आहे. म्हणून पाना आणायला निघताना नंबर आठवत बसण्यापेक्षा नट खिशात टाकावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आता कंपनीच्या नंबराकडे वळू. नाशिकच्या टपारिया कंपनीच्या पकडीचा १६२१-८ हा नंबर घेतला, तर त्यातला १६२१ हा पकडीचा प्रकार आणि शेवटचा ८ हे इंचातले माप, असे दोन भाग पडतात. प्रत्यक्षात ही पक्कड २१० मिलिमीटरची असते, म्हणजे काटेकोर आठ इंचांपेक्षा, अर्थात २०३ मिलिमीटरपेक्षा, थोडी लांबच. याच प्रकारातली ६ नंबरची पक्कड १६५ मिलिमीटरची येते. १६२१ या आकड्यात स्वतःचा असा अर्थ शोधू नये; तो कंपनीच्या यादीतला केवळ एक क्रमांक आहे.

जर्मनीतल्या वुप्परटाल शहरातील क्निपेक्स कंपनीचे नंबर मात्र सरळ वाचता येतात, आणि मला ते फार आवडतात. ०३ ०१ १८० या नंबरात ०३ म्हणजे साधी कॉम्बिनेशन पक्कड, ०१ म्हणजे काळा मुलामा व मुठींवर प्लास्टिकचे आवरण, आणि १८० म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. मधली जोडी बदलून ०३ ०६ १८० झाली, की प्रकार आणि लांबी तीच राहते, पण मुठी विद्युतरोधक होतात आणि किंमतही वाढते. दुकानदाराला फोनवरून "०३, १८० पाठवा" एवढेच सांगणारा ग्राहक नेमकी हीच महत्त्वाची जोडी गाळत असतो.

अवजारावर कोरलेला प्रत्येक आकडा मॉडेलचा नसतो, हेही ध्यानात असू द्यावे. आयएस ३६५० ही पकडीवरची खूण भारतीय मानकाची आहे, तर ३१ सीआरव्ही ३ हे पोलादाच्या जातीचे नाव आहे. यांपैकी कोणताही आकडा सांगून दुकानदाराला नेमके अवजार ओळखता येणार नाही.

विजेच्या कामाचे अवजार घेताना तर मॉडेलच्या नंबरावर अजिबात विसंबू नये. आयईसी ६०९०० या विद्युतरोधक हातअवजारांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनवलेल्या प्रत्येक अवजाराची १०,००० व्होल्टला चाचणी घेतलेली असते आणि त्यावर एकात एक गुंतलेले दोन त्रिकोण व १००० व्होल्ट अशी खूण असते. ती खूण नसेल, तर मुठीवरचे प्लास्टिक कितीही जाड दिसले तरी ते केवळ पकड घट्ट बसावी म्हणून चढवलेले आहे असे समजावे, आणि चालू लाइनवर ते अवजार लावू नये.