बालकासारखा विश्वास आणि छपराचा हिशोब

पाळकसाहेब, शब्बाथ शाळेचे शिक्षक आणि बंधुभगिनींनो, जय ख्रिस्त.

पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘ख्रिस्ती जीवनात बालकासारखा विश्वास’ असा विषय छापलाय. तो मीच मागून घेतला. हा विषय बरीच वर्षं माझ्या डोक्यात घोळतोय आणि घरच्यांनी ऐकायचं केव्हाच सोडून दिलंय. तुमची मात्र चहाआधी सुटका नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वेळ संपला तरी बिघडायचं नाही. ‘बालकांसारखे व्हा’ हे वचन आपण मोठ्या माणसांची तोंडं बंद करायला वापरतो. तसं वापरायला शास्त्रात काडीचाही आधार नाही.

आता एका वार्षिक सभेची गोष्ट. मंडळी कुठली ते सांगत नाही. तुमच्यातले काही जण आत्ताच एकमेकांकडे बघायला लागलेत, तेवढं पुरे. तिथं चर्चच्या छपराचे पत्रे बदलायचे होते. वर्गणी जमली. पावसाळा आला नि गेला. बाकांच्या मधे बादल्या ठेवून उपासना चालली होती, आणि पेटीवर प्लास्टिक घालून गायनवृंद गात होता. पेटीवाल्याला सूर दिसत नव्हते, पण तसा तो फरक आम्हाला फारसा कळला नाही. (पेटीवाले इथे आलेत का? नाहीत? मग ठीक आहे.)

तर सभेत एक निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या. आवाज अगदी मवाळ. म्हणाल्या, “पैसे किती जमले आणि आत्ता कुठे आहेत, एवढंच सांगा.” खजिनदार उठले आणि त्यांनी चष्मा काढला. माणसानं बोलायच्या आधी चष्मा काढला की समजावं, आता आकडा येणार नाही, वचन येणार. आलंच. “बाई, प्रभूनं काय सांगितलंय? बालकासारखा विश्वास ठेवा. देवाच्या घरात हिशोब कसले मागता?” सभेनं ‘आमेन’ म्हटलं. मागच्या बाकावरून तर ते दोनदा आलं. बाई खाली बसल्या.

मला त्या दिवसापासून एकच विचारायचंय. ह्या गृहस्थांनी मूल कधी जवळून पाहिलं होतं का? नाताळात आमच्याकडे फराळाच्या बश्या भरतात. नातू पाच वर्षांचा. त्याला अजून शंभरपर्यंत आकडे येत नाहीत, पण करंज्या बरोबर मोजतो. “ताईला चार आणि मला तीन, का?” उत्तर मिळेपर्यंत बशीला हात लावत नाही. चौथी मिळणार याबद्दल मात्र त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते. आजीवर भरवसा आहे म्हणूनच तो आजीशी भांडतो. परक्याच्या घरी हेच पोर आईच्या पदराआड उभं राहतं आणि दोनच करंज्या दिल्या तरी मुकाट खातं. म्हणजे गप्प बसलेलं मूल विश्वासातलं मूल असतं असं मुळीच नाही, बहुतेक वेळा ते घाबरलेलं असतं. त्या सभेत ‘आमेन’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण विश्वासातले होते आणि किती पदराआडचे, ते तुम्हीच ठरवा.

छपराचं काय झालं? झालं, झालं. छप्पर आलं. हिशोब यायचाय.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा विषय निघाला की आपण सगळे ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मोकळे होतो. त्यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला पंडिता रमाबाईंकडे जायचंय. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या मठात राहत असताना त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक आई. रमाबाई पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ म्हणतात. आणि ह्या आजीबाईंशी त्या किती भांडल्या आहेत! पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत अमुक एका मतांगीकारात, म्हणजे चर्चनं ठरवलेल्या श्रद्धेच्या कबुलीत, लिहिलाय म्हणून मी मानावा का? बायबलमध्ये तो कुठे आहे ते दाखवा. 1885 च्या एका पत्रात तर त्या सरळ लिहितात, की आमच्याकडच्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, आता तसंच दुसरं जोखड घ्यायची माझी तयारी नाही.

गळ्यात घालायच्या क्रुसाचीही गोष्ट आहे, ती मला फार आवडते. क्रुसावरची अक्षरं लॅटिनमध्ये असायची रीत होती. रमाबाई म्हणाल्या, लॅटिन मला कळत नाही, माझ्या देशातल्या बायांनाही कळत नाही. अक्षरं हवीच असतील तर संस्कृतात असू द्या. तीही संस्कृत देवभाषा म्हणून नव्हे हं, ती माझ्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा म्हणून. आता बघा, बाई नुकती ख्रिस्ती झालेली, परक्या देशात, त्याच लोकांच्या आश्रयाला, पदरात लहान मुलगी. गप्प बसायला एवढी कारणं पुरेशी होती. सिस्टरना ह्या सगळ्यात अहंकार दिसला. तसं त्यांनी सुनावलंही. पण सगळी पत्रं जपून ठेवली ती त्याच सिस्टरनी, म्हणून 1977 मध्ये ती छापली गेली आणि आज मी तुमच्यापुढे त्यावर…

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. ‘सात मिनिटे.’ अक्षर सुंदर आहे, मजकूर नाही.

बरं. मूळ मुद्दा आता पळत पळत घेतो. मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढा. लोक मुलांना घेऊन आले आणि शिष्यांनी त्यांना दटावलं. येशू रागावला तो मुलांवर नाही, गप्प करणाऱ्यांवर. हे आपण वाचतो आणि शब्बाथ शाळेत पुन्हा “शू!” करतो. आता लूक अठरा बघा. तिथं ती तान्ही बाळं आहेत. तान्ह्या बाळानं काय विश्वास ठेवला असेल? काय पाठ केलं असेल, कुठली आज्ञा पाळली असेल? काहीच नाही. कुणीतरी उचलून आणलं, ते आलं. त्या काळात मुलाला समाजात किंमत नव्हती, हक्क नव्हता. येशू जे पुढे करतो ते मुलाचं भोळेपण नव्हे, त्याचे रिकामे हात आहेत.

मत्तय, मार्क आणि लूक, तिघांतही ह्यानंतर लगेच तो श्रीमंत माणूस येतो. सार्वकालिक जीवनासाठी मी काय करावं, असं विचारतो. आज्ञा सगळ्या पाळलेल्या, हात मात्र भरलेले. तो खिन्न होऊन जातो. ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून कधी वाचल्यात? आपण एक बालदिनाला वाचतो आणि दुसरी वर्गणीच्या रविवारी.

प्रेषित पौलाला सोडतोय, फक्त पहिलं करिंथ 14:20 घरी वाचा. दुष्टपणात तान्हे राहा, समजुतीत मोठे व्हा, असं तो म्हणतो.

रमाबाई स्वतः लिहितात, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, 1891 च्या सुमारास त्यांना कळलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता. म्हणजे रिकामे हात झाले ते तेव्हा. पण प्रश्न विचारणं, अभ्यास करणं थांबलं का? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, केडगावला ‘मुक्ती’ हा त्यांचा आश्रम उभा राहिला, पैसा देव देईल म्हणून प्रार्थना करत बसणारी हीच बाई. आणि हिब्रू, ग्रीक शिकून मुळातून बायबल मराठीत आणायला शब्द न् शब्द तपासत बसणारीही हीच. छपाईचं काम आश्रमातल्या मुलींनी केलं. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, 1924 मध्ये ते बायबल बाहेर आलं.

तान्ह्या बालकांना बाप्तिस्मा द्यावा की नाही, हा मुद्दा राहिला. तो आज उघडत नाही, कारण दोन्ही बाजूंची माणसं समोर बसलीत आणि अध्यक्ष उभे राहिलेत. शब्बाथ शाळेची मुलं मागे चटईवर आहेत ना? त्यांना काही विचारायचं असेल तर आधी त्यांचे प्रश्न घेऊ. नोहाच्या जलप्रलयात मासे कसे मेले, हा प्रश्न माझ्याकडे आधीच आलाय.