थेंबाला वळण लावताना

(दृश्य : काळी पार्श्वभूमी. टिपच्या टोकाला लोंबणारा एक थेंब. स्लो मोशन.)

हा थेंब इथं दिसायला नको होता.

टिप म्हणजे यंत्राच्या हाताला लावलेली प्लास्टिकची टोकदार नळी. तिच्यात ८० टक्के इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल आहे. यंत्राचा हात ट्रफकडून, म्हणजे द्रवाच्या पसरट भांड्याकडून, नमुन्यांच्या प्लेटकडे निघालाय, वाटेत बाकीचे नमुने उघडे आहेत आणि थेंब फुगत चाललाय. तो पडला तर कुणाच्या तरी नमुन्यात पडेल. यंत्राला त्याचा पत्ताही लागणार नाही. ते ठरल्या वेळी ठरल्या जागी पोहोचेल आणि काम पूर्ण झाल्याची नोंद करेल.

(दृश्य : यंत्र वरून. हात खाली येतो, आठ टिप्स एकदम चढतात. मूळ आवाज ठेवावा.)

हा ऑटोमेटेड लिक्विड हँडलर. नाव भारदस्त, काम म्हणाल तर इथून उचल, तिथं सोड. पण मोजमाप मायक्रोलिटरचं, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागाचं. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा असतो. इथं कधीकधी त्याचा दहावा हिस्सा न्यायचा असतो, आणि तो ९६ ठिकाणी सारखा पोहोचला पाहिजे.

९६ हा आकडा या प्लेटचा. ८ आडव्या ओळी, ए ते एच, आणि १२ उभे स्तंभ. यातल्या खळग्याला लॅबमध्ये वेल म्हणतात. १९५१ साली हंगेरीत ग्युला टाकात्सी यांनी ॲक्रिलिकच्या तुकड्यात ६ गुणिले १२ असे ७२ खळगे कोरले, ती या प्लेटची पणजी. आजची प्लेट कुठल्याही कंपनीची घ्या, लांबी १२७.७६ मिलिमीटर, रुंदी ८५.४८, आणि एका वेलच्या मध्यापासून शेजारच्या वेलचा मध्य बरोबर ९ मिलिमीटरवर. यंत्राच्या आठ टिप्समधलं अंतरही ९ मिलिमीटर. म्हणून एका बुडीत एक अख्खा स्तंभ होतो आणि बारा बुड्यांत प्लेट भरते.

(दृश्य : काचेच्या जुन्या नळ्या. मग हातातलं मायक्रोपिपेट, अंगठ्याचा क्लोजअप.)

काचेच्या नळीनं द्रव तोंडानं ओढायचा, अशी पद्धत एकेकाळी सर्रास होती. सिगारेट ओढावी तसं रक्त, जंतू, आम्ल, सगळं. १९५७ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला हाइनरिश श्निटगर यांनी स्प्रिंग लावलेला दट्ट्या आणि बदलता येणारी प्लास्टिकची टिप असलेलं पिपेट बनवलं. दट्ट्या द्रवाला शिवत नाही. दोघांच्या मध्ये हवेची गादी असते. दट्ट्या हवा ओढतो, हवा द्रव ओढते.

या यंत्रात अंगठ्याच्या जागी मोटर आली. हवेची गादी तशीच राहिली. (नळ्यांमध्ये पाणी भरून चालणारी यंत्रंही असतात, पण त्यांची दुखणी वेगळी.) आणि हवा ताणली जाते, दबते, फुगते. आजच्या सगळ्या कटकटीचं मूळ तिथं आहे.

इथेनॉलचंच पाहा. टिपमध्ये शिरताक्षणी ते वर हवेत उडायला लागतं. बंद जागेत वाफ वाढली की दाब वाढतो, आणि तो दाब द्रवाला खाली ढकलतो. आपण पाहिला तो थेंब असा जन्मला.

(दृश्य : टिप ट्रफमध्ये. द्रव आत-बाहेर, आत-बाहेर, तीनदा.)

उपाय जुना आहे. चांगला टेक्निशियन इथेनॉल उचलण्याआधी दोन-तीनदा आत-बाहेर करून टिप ओली करून घेतो, म्हणजे आतली हवा वाफेनं आधीच भरते आणि पुढं दाब वाढत नाही. ग्लिसरॉलमुळे घट्ट झालेलं एन्झाइम उचलताना त्याचा अंगठा आपोआप सावकाश सुटतो. साबणासारखा बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) असला तर शेवटचा थेंब जोरानं फुंकत नाही, कारण फेस होतो. विचारलं तर त्याला हे सांगताही येणार नाही. ते त्याच्या अंगठ्यात असतं.

यंत्राला मात्र ते आकड्यांत सांगावं लागतं. उचलण्याचा वेग किती, सोडण्याचा किती, उचलल्यावर किती सेकंद थांबायचं, टिप द्रवात किती बुडवायची, बाहेर किती सावकाश काढायची, टोकाशी किती हवा घ्यायची. या आकड्यांच्या संचाला लिक्विड क्लास म्हणतात. बुडवण्याची खोली पृष्ठभागाखाली २ ते ३ मिलिमीटर ठीक. जास्त बुडवली तर टिपच्या बाहेरच्या अंगाला द्रव चिकटून येतो, कमी बुडवली तर हवा ओढली जाते. घट्ट द्रवात वेग जास्त ठेवला तर दट्ट्या वर पोहोचतो पण द्रव अजून निम्म्या वाटेवर असतो, आणि त्याच क्षणी टिप बाहेर काढली की उरलेल्या जागेत हवा शिरते. म्हणून वेग कमी आणि वर एक-दोन सेकंद थांबा.

यंत्र बसवायला आलेला माणूस बहुधा पाण्याचा लिक्विड क्लास लावून देतो, पाण्यावर चाचणी दाखवतो, सही घेतो आणि जातो. लॅबमध्ये पाणी सोडून सगळं असतं.

(दृश्य : काळी टिप हळूहळू पृष्ठभागाकडे. आरशासारख्या पाण्यात तिचं प्रतिबिंब.)

काही यंत्रांच्या टिप्स काळ्या असतात, कारण प्लास्टिकमध्ये कार्बन मिसळलेला असतो आणि त्यातून वीज वाहते. टिप द्रवाला टेकली की विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि पृष्ठभाग कुठं आहे ते यंत्राला कळतं. फेस असला तर ते फेसालाच पृष्ठभाग समजतं, तिथंच थांबतं आणि हवा उचलतं. ओपनट्रॉन्सच्या ओटी-२ सारख्या छोट्या यंत्रात ही सोय नाही. तिथं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं कुठल्या भांड्यात किती द्रव उरला याचा हिशेब ठेवायचा आणि उंची ठरवायची.

(दृश्य : तपकिरी बीड्स. ट्रफच्या तळाशी गाळ, वर स्वच्छ पाणी.)

आता आजचं खरं काम. चुंबकी बीड्सनी, म्हणजे डीएनए ज्यांना चिकटतो अशा बारीक कणांनी, डीएनए स्वच्छ करायचा आहे. प्रत्येक वेलमध्ये ५० मायक्रोलिटर नमुना, त्यात ९० मायक्रोलिटर बीड्स, म्हणजे १.८ पट. ९६ वेल्सना ८.६४ मिलिलिटर लागतात, पण ट्रफच्या तळाशी टिपला न पोहोचणारा थर उरतोच, म्हणून १० मिलिलिटर ओतायचे. तेवढे ओतले नाहीत तर बाराव्या स्तंभाला हवा मिळते.

बीड्स दहा मिनिटं नुसत्या ठेवल्या तर काय होतं ते समोर दिसतंय. सगळ्या खाली बसतात. म्हणून दर दोन-तीन स्तंभांनंतर ट्रफ ढवळायचा. नाही ढवळला तर पहिल्या आणि शेवटच्या स्तंभात बीड्स सारख्या पडत नाहीत, आणि नंतर तो फरक नमुन्यांमधला फरक म्हणून वाचला जातो. शिवाय हे द्रावण पॉलिइथिलीन ग्लायकॉलमुळे घट्ट असतं. ते वेगानं उचललं तर ९० ऐवजी कमी येतं, ग्लायकॉलचं प्रमाण घटतं, आणि डीएनएचे आखूड तुकडे बीड्सना न चिकटता वाहून जातात.

(दृश्य : आठ टिप्स एकदम ढवळतात. सलग, न कापता.)

प्रत्येक वेल दहादा ढवळायचा. एकेरी पिपेटनं हातानं केलं असतं तर फक्त या पायरीला अंगठा ९६० वेळा दाबावा लागला असता.

पाच मिनिटं थांबा. मग प्लेट चुंबकावर.

(दृश्य : बीड्स कडेला सरकतात, मध्ये पाणी निवळतं. संगीत नको.)

तपकिरी कडं तयार झालं. टिप बरोबर मध्यात उतरली पाहिजे. एक मिलिमीटर सरकली तरी कड्याला खरवडते आणि बीड्स, म्हणजे पर्यायानं डीएनए, कचऱ्यात जातो. पाणी काढायचं, ताजं ८० टक्के इथेनॉल २०० मायक्रोलिटर घालायचं, अर्धा मिनिट थांबायचं, काढायचं. पुन्हा एकदा तेच. ताजं म्हणजे त्याच दिवशी बनवलेलं, कारण बाटलीतून आधी इथेनॉल उडतं, पाणी मागं राहतं, आणि पाणी जास्त झालं की डीएनए बीड्सवरून सुटायला लागतो.

मग वाळवणं. बीड्सची चकाकी जाऊन त्या मंद दिसू लागल्या की पुरे. भेगा दिसल्या तर उशीर झाला. डीएनए आता सहज सुटणार नाही. ओल्या राहिल्या तर उरलेलं इथेनॉल पुढच्या एन्झाइमला मारतं. प्रोग्रॅममध्ये पाच मिनिटं लिहिली की यंत्र पाचच मिनिटं थांबणार, मग बाहेर कोरडा मार्च असो की धो धो आषाढ. इथं माणसानं डोकावायचं असतं. शेवटी ४० मायक्रोलिटर बफर घालून डीएनए सोडवायचा आणि नव्या प्लेटमध्ये न्यायचा.

(दृश्य : पिवळी प्लेट, खालून प्रकाश. कॅमेरा ए ओळीपासून एच ओळीपर्यंत.)

ही प्लेट नमुन्यांची नाही. हा टारट्रॅझीन, मिठाईतला पिवळा रंग. खऱ्या कामाआधी रंगीत पाणी भरून पाहायचं आणि प्लेट रीडरमध्ये सुमारे ४३० नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला जातो ते मोजायचं. ज्याला ही प्लेट वाचता येते त्याला यंत्राची नाडी सापडली. एखादा उभा स्तंभ फिका असेल तर त्या बुडीत गडबड झाली, ट्रफ आटला असेल. कडेच्या वेल्स गडद असतील तर तिथलं पाणी उडालं, प्लेट फार वेळ उघडी होती. एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे रंग उतरत जात असेल तर प्लेट नीट बसलेली नाही, जागेत काहीतरी अडकलंय.

इथं एक आडवी ओळ फिकी आहे. जी ओळ. जी म्हणजे सातवी. आठ टिप्सपैकी सातवी टिपच या ओळीला जाते.

(दृश्य : इथेनॉल भरलेल्या आठ टिप्स, स्थिर. सात कोरड्या, सातवीला थेंब.)

टिप्स आधी ओल्या करून घेतल्या, टोकाशी १० मायक्रोलिटर हवाही घेतली. सात टिप्स शहाण्यासारख्या थांबल्या. सातवी अजून गळतेय. आता साधं पाणी भरून अर्धा मिनिट लटकवून पाहायचं. पाण्यानंही गळली, म्हणजे दोष इथेनॉलचा नाही. टिप जिथं बसते तिथून हवा शिरतेय.

(दृश्य : सूक्ष्म तराजू, काचेचं दार बंद. आकडे स्थिरावतात.)

तराजू ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा. सातव्या टिपनं १०० मायक्रोलिटर पाणी दहादा सोडायचं आणि दहा वजनं लिहायची. २७ अंश तापमानाला १०० मायक्रोलिटर पाणी १०० मिलिग्रॅम भरत नाही, सुमारे ९९.५ भरतं; ही दुरुस्ती विसरली तर चांगलं यंत्र उगाच बिघडवलं जातं. दहाही वजनं ९७ च्या आसपास घट्ट बसली असती तर सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा बदलून भागलं असतं. पण ती विखुरली आहेत. विखुरलेल्या वजनांना सॉफ्टवेअरमध्ये औषध नाही, हत्यारं काढावी लागतात.

(दृश्य : चिमट्यात काळी रबरी कडी. बोटाच्या नखापेक्षा लहान.)

ओ-रिंग. टिप बसते तिथली हवा अडवणारी. हिला चीर गेली होती.

(दृश्य : वापरलेल्या टिप्स पेटीत पडतात, वरून.)

एका प्लेटच्या या स्वच्छतेला पाच डबे, म्हणजे ४८० टिप्स, वर इथेनॉलच्या काही. सगळ्या एकदाच वापरून टाकायच्या. कोविडच्या काळात अशीच स्वयंचलित व्यवस्था मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत (एनआयआरआरएच) २७ जुलै २०२० रोजी सुरू झाली, दिवसाला १०,००० हून अधिक नमुन्यांच्या क्षमतेची.

(दृश्य : नवी ओ-रिंग बसते. टिप चढते. तराजूवर पुन्हा दहा वजनं.)

कडी बदलल्यावर लिक्विड क्लास पुन्हा तपासायचा, फक्त सातव्याचा नव्हे, आठही जागांचा, कारण बाकीच्या सात कड्याही तितक्याच जुन्या आहेत. हे काम करणाऱ्या माणसाचं पद कित्येक लॅबच्या तक्त्यात नसतं. यंत्राच्या खरेदीच्या फाइलमध्ये डेकची, म्हणजे प्लेट ठेवायच्या फलाटाची, लांबी-रुंदी असते, विजेचा भार असतो. दर महिन्याला तराजूपाशी बसणाऱ्याचे तास नसतात.

(दृश्य : नोंदवही, पेन. मग यंत्र, पहिल्या दृश्याच्याच कोनातून.)

तारीख, आठ जागांची प्रत्येकी दहा वजनं, खोलीचं तापमान, कड्यांचा पाकीट क्रमांक.

हात ट्रफमधून वर येतो. टोकाशी बोटभरही नाही एवढी हवा, तिच्यावर इथेनॉल. प्लेटवरून पुढं जातो. आठही टिप्स कोरड्या.