पदराला कात्री लागली तेव्हा

(मेळाव्यातल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. तिसऱ्या रांगेत खिडकीकडेला माझी नात बसलीय. सतरा वर्षांची आहे. तिच्या अंगातलं लाल-काळं जाकीट एकदा बघून घ्या. मे महिन्यात बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरात तीन दिवस अबोला झाला, तो या जाकिटावरून.

ती सुट्टीला आली होती. मी भाजी आणायला गणपत गल्लीत गेले आणि परत येते तर माझ्या आईचं इरकली लुगडं पलंगावर दोन तुकड्यांत. काळं अंग एकीकडे, लाल पदर दुसरीकडे. कात्री माझीच. मी ओरडले. त्या पोरीला बोलू नये ते बोलले. ती उलटून बोलली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आजी, तू हे कधी नेसलीस?”

कधीच नाही, म्हटलं.

“का?”

तेव्हापासून हा ‘का’ माझ्या मागे लागलाय. इथे विमानातून आले तरी तो सुटला नाही.

मला जास्त लागलं ते कात्री जिथून गेली त्याचं. माझे वडील मागावर बसायचे. आमच्या गल्लीत पहाटे कोंबड्याआधी धोट्याचा, म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन पळणाऱ्या लाकडी नळीचा, आवाज यायचा, हे इथल्या शहापूर-वडगाव-खासबागच्या मंडळींना मी काय सांगायचं! धाग्याच्या कांड्या भरून मगच आम्ही शाळेला जायचो. वडील शहापुरी विणायचे, पण इरकलीला फार मानायचे. त्या लुगड्याच्या अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती, पदराचा ताणा रेशमी, आणि दोन्हींचा एकेक धागा फासात फास अडकवून मागावर जोडायचा. तोप तेणी म्हणतात त्याला. आईचं लुगडं वाळत असलं की वडील त्या जोडावरून बोट फिरवायचे आणि काही न बोलता आत जायचे. नातीची कात्री बरोबर त्या जोडावरून गेली.

आता आईचं सांगते. तिला कशिदा शिकवला शेजारच्या अक्कांनी. अक्का कसूती म्हणायच्या, आई कशिदा म्हणायची. कापडावर आधी काही काढायचं नाही, छाप नाही, धाग्याला गाठ नाही. नुसते कापडाचे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. गवंतीचा टाका जाताना एक आड एक घालायचा आणि परतताना रिकाम्या जागा भरायच्या, की उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या. एक धागा चुकला की अख्खं गोपूर वाकडं. आईला कानडी फारसं येत नव्हतं. पण धागे मोजायची ती कानडीतच, ओंदु, एरडु, मूरु, कारण शिकली तशी शिकली. बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून वडील 1 नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून निषेधाच्या फेरीला जायचे, आणि त्या दिवशीसुद्धा दुपारी आई आणि अक्का एकाच चटईवर बसून ओंदु, एरडु करत असायच्या. मी ते रोज बघितलं. त्यात काही बघण्यासारखं आहे, असं मला वाटलं नाही.

आता ‘का’चं उत्तर. 1975 साली मी कॉलेजात गेले. इरकली म्हणजे आठवडी बाजारातल्या बाया, असं आमच्यात ठरलेलं होतं. मला नायलॉनची फुलाफुलांची साडी हवी होती, मैत्रिणींसारखी. आईनं लग्नात हे लुगडं पुढे केलं तेव्हा मी ते ट्रंकेत ठेवलं. फेकलं नाही, म्हणून इतकी वर्षं मला वाटत होतं की मी ते जपलं.

अबोल्याच्या तिसऱ्या दिवशी नातीनं तिची वही माझ्यापुढे ठेवली. त्यात या जाकिटाची अकरा चित्रं होती. पदराचे पांढरे कंगोरे, ते तटबंदीसारखे असतात ना, ते खांद्यावर यावेत म्हणून तिनं तीनदा बेत बदलला होता. आईनं भरलेलं गोपूर बरोबर पाठीच्या कण्यावर. तुळशीवृंदावन उजव्या खिशावर, हात घालताना लागावं म्हणून. बाह्या काळ्या अंगाच्या, कारण लाल सगळीकडे आलं की कशिदा मरतो, असं तिनं लिहिलं होतं. गल्लीतल्या शिंप्याकडे ती चार दिवस बसून होती. मंडळी, मागावरच्या माणसाची नजर आहे ही. माझ्या वडिलांची. ती मला ओळखू आली नाही, कारण मी फक्त कात्री बघत होते.

थोडं रागावू का तुमच्यावर? गणपतीला आपण सगळ्यांनी एकाच रंगाच्या साड्या मागवायच्या, शिवलेली नऊवारी चढवायची, नथ लावायची, फोटो काढायचा आणि रात्री सगळं बॅगेत. खण म्हणून जे आपण मीटरवर घेतो ते पुष्कळदा छापील पॉलिस्टर असतं, खण जिथे विणतात त्या गुळेदगुड्डच्या मागाचा त्याला वाराही लागलेला नसतो. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हा आपण सगळे किती चिडलो! रास्त होतं ते. त्या चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात आपलं बेळगाव आहे. पण निपाणी-अथणीकडच्या कारागिराची चपल आज या हॉलमध्ये किती पायांत आहे? आणि पोरं काही वेगळं घालून आली की आपण पहिलं काय म्हणतो? “हे काय घातलंय?” त्यांनी ते का घातलं, कुठून सुचलं, हे विचारायला आपल्याला फुरसत नसते. माझ्या आईला तरी मी कुठे विचारलं होतं?

कारण त्या पदराच्या कोपऱ्यात एक आकृती आहे. गोपूर नाही, हत्ती नाही, पालखी नाही. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये बारीक पोकळी. अक्कांनी शिकवलेल्यातली ती नाही. मी म्हणते तो धोटा आहे, वडिलांचा. नात म्हणते होडी आहे, पणजीला कुठेतरी जायचं असेल. आई गेली, अक्का गेल्या. विचारायचं कुणाला?

आता नातीला डाव्या बाहीवर स्वतःचं काही भरायचंय. काय, ते मला सांगत नाही. तिनं मला शिकवायला सांगितलं, आणि मला धागे मोजता येतात, आईसारखे, कानडीत. टाका येत नाही. मी कधी सुई हातात घेतली नाही. तुमच्यापैकी कुणाला गवंती येत असेल, कुणाच्या आईला, सासूला येत असेल, तर चहाच्या वेळी आमच्याकडे या. आम्ही दोघी त्या खिडकीशीच असू.